दान, कर्ज आणि उधारी : आपत्तीत धावून येणाऱ्या राष्ट्रांचा हिशेब

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटनांदूर हे स्थानक आहे. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील हे गाव. येथून दक्षिणेस लातूर आणि लातूर ओलांडून पुढे गेले की किल्लारी. सरळ रेषेत मोजले तर हे अंतर शंभर किलोमीटरच्या आत भरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा तो धक्का या सबंध टापूला जाणवला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणेशविसर्जन आटोपून माणसे उशिरा निजली होती. दिगंबर जैन कुटुंबांत त्याच दिवशी दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. पारणे आणि परस्परांची क्षमायाचना एवढेच काय ते उरले होते.

त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे ढिगाऱ्यात गेली. मातीत बसविलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर लाकूड व मातीचे जड माळवद, अशी तेथील घरांची रीत होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. निरनिराळ्या नोंदींनुसार मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान होती.

मग मदत आली. आसपासच्या गावांतून भाकरी आल्या, राज्यभरातून कपडे आणि धान्य आले, लष्कर आले. पाठोपाठ परदेशांतूनही साहित्य, तज्ज्ञ आणि पैसा येऊ लागला. ज्यांना लातूर कोठे आहे हे आदल्या दिवशी ठाऊक नव्हते, अशा देशांच्या राजधान्यांत या भागाचे नाव उच्चारले गेले. त्या वेळी अनेकांच्या मनात आलेला प्रश्न आजही जुना झालेला नाही. एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राला संकटात मदत करते ती खरोखर निःस्वार्थ असते का? की तीही एक प्रकारची गुंतवणूकच?

व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न परका नाही. पेढीवर आलेल्या आणि पेढीवरून गेलेल्या प्रत्येक रुपयाला एक खाते असते. दिलेला पैसा परत यायचा असेल तर ते कर्ज. माल देऊन मोबदला पुढे घ्यायचा असेल तर ती उधारी. आणि परत घेण्याची वासनाच सोडून दिली असेल तर ते दान. त्यासाठी अडत दुकानांच्या चोपडीत धर्मादा खाते वेगळे असे. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली तर ती लबाडी ठरते. राष्ट्रांच्या मदतीचा विचार करतानाही पहिले काम हेच आहे, की कोणती रक्कम कोणत्या खात्यावर मांडायची हे नीट पाहणे.

किल्लारीची खतावणी

किल्लारी परिसराच्या पुनर्वसनात सर्वांत मोठा परकीय वाटा जागतिक बँकेचा होता. १९९४ साली तिच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेने सुमारे २४.६ कोटी डॉलर मंजूर केले. सर्वसामान्यांच्या बोलण्यात ही ‘जागतिक बँकेची मदत’ झाली. वस्तुतः ते कर्ज होते. त्यावर नेहमीसारखे व्याज नव्हते, अल्पसे सेवाशुल्क होते, परतफेडीची मुदत दीर्घ होती. परंतु फेडायचे ते होतेच. सवलतीचे कर्ज देणारा सावकार भला माणूस असू शकतो, त्याच्या भलेपणाबद्दल कृतज्ञ असावे; पण त्याला दाता म्हणू नये. त्यात त्याचा अपमान नाही आणि आपलाही नाही.

आणखी मागे गेले तर अमेरिकन धान्याची आठवण निघते. ऑगस्ट १९५६ मध्ये भारताने अमेरिकेशी पीएल ४८० या नावाने प्रसिद्ध झालेल्या कायद्याखाली पहिला करार केला. १९५४ च्या या कायद्याच्या मूळ नावात ‘कृषी व्यापार विकास’ हे शब्द आधी येतात आणि ‘साहाय्य’ हा शब्द नंतर. अमेरिकेच्या कोठारांत गहू साचून राहिला होता, तेथील शेतकऱ्याला भाव टिकवून हवा होता आणि भारताला धान्य हवे होते. भारताने त्याची किंमत रुपयांत चुकती केली. १९६५ ते १९६७ या काळात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी धान्याच्या जहाजांची मंजुरी थोड्याथोड्या हप्त्यांनी देण्याचे धोरण ठेवले. भारताने आपले शेतीविषयक धोरण बदलावे हा त्यामागील एक हेतू होता, आणि व्हिएतनाम युद्धावर भारताने केलेली टीकाही त्यांना रुचली नव्हती. भुकेल्याच्या दारात पोते उभे करून अटी सांगण्याचा हा प्रकार त्या पिढीला फार झोंबला.

तरीही हिशेबाची दुसरी बाजू मिटवून चालणार नाही. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात त्याच धान्याने असंख्य लोकांना वाचविले. पुढे फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने रुपयांच्या रूपाने साठलेल्या आपल्या येण्यापैकी फार मोठा भाग सोडून दिला. राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. एवढ्या मोठ्या येण्यावर पाणी सोडणे ही कोणत्याही पेढीच्या इतिहासात साधी गोष्ट नव्हे.

संशयही कधीकधी चुकीच्या खात्यावर मांडला जातो. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवतही म्हणतात, ते अमेरिकन गव्हातून आले, असे मराठवाड्यातील बांधाबांधावर आजही ऐकू येते. परंतु पुण्यात या तणाची नोंद १९५५ च्या सुमारास, म्हणजे त्या कराराच्याही आधी झाली होती. मदत करणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घ्यावी. पण जे त्याने केले नाही ते त्याच्या माथी मारू नये.

परत मिळाले तर दान उरत नाही का?

‘देणाऱ्याला जरा जरी लाभ झाला तरी ते दान नव्हे’ अशी एक कठोर कसोटी आजकाल लावली जाते. ती लावली तर जगातील कोणतीच मदत तिला उतरणार नाही. ज्याला देऊन समाधान वाटले, त्यालाही लाभ झालाच! जैन परंपरेने मात्र ही कसोटी मानलेली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या आली आहे. अनुग्रहासाठी आपल्या मालकीच्या वस्तूचा त्याग करणे, असा तिचा आशय. हा अनुग्रह कोणावर, याचे उत्तर आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत दिले आहे. तो स्वतःवरही आणि दुसऱ्यावरही. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला गुणवृद्धी. म्हणजे देणाऱ्याचे कल्याण होणे हा दानातील दोष नाही. दोष निराळा आहे, आणि त्याचे शास्त्रीय नाव ‘निदान’. रोजच्या मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे; शास्त्रात तो धर्मकृत्याच्या मोबदल्यात अमुक भोग, अमुक सत्ता मिळावी अशी मनात धरलेली आकांक्षा दाखवितो. माया आणि मिथ्यात्व यांच्या जोडीने निदानाला शल्य म्हटले आहे. शल्य म्हणजे रुतलेला काटा. वरून जखम दिसत नाही, पण पाऊल टाकले की ठणकते.

हेतू मात्र डोळ्यांना दिसत नाही. शेजाऱ्याच्या मनातले कळत नाही, तेथे परराष्ट्राच्या मनातले कोठून कळणार? त्याच सूत्रग्रंथाने यापुढे चार गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. देण्याची रीत कशी होती, दिलेली वस्तू योग्य होती का, देणाऱ्याची वृत्ती कशी होती आणि ते योग्य माणसापर्यंत पोहोचले का, यांवर दानाचे फल कमी-अधिक होते. अतिथिसंविभाग व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कालातिक्रम आणि मात्सर्य हे दोन आहेत. वेळ टळून गेल्यावर देणे हा पहिला. आणि अनादराने देणे किंवा दुसऱ्या दात्याचा मोठेपणा सहन न होणे हा दुसरा. ही व्रते श्रावकाने मुनींना आहार देण्याच्या संदर्भात सांगितलेली आहेत. पण आपत्तीच्या ठिकाणी आपापल्या देशाचा फलक आधी लागावा म्हणून चढाओढ करणाऱ्या पथकांकडे पाहिले, की मात्सर्य हा शब्द किती दूरचे पाहून योजला होता हे जाणवते.

चार प्रश्नांनी पाहिलेली किल्लारी

या चार प्रश्नांनी किल्लारीचा अनुभव तपासला तर काही बोध हाती लागतो. तेथे पुनर्वसनाच्या दोन रीती शेजारी-शेजारी चालल्या. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. घरे भक्कम झाली, यात शंका नाही. परंतु गावांची आखणी बहुधा शहराच्या धर्तीवर, सरळ रस्ते आणि एकसारखे चौकोनी प्लॉट अशी झाली. जुन्या गावातील ओसरी, गोठा, भावकीचा शेजार आणि शेताची जवळीक त्या आखणीत पुष्कळ ठिकाणी हरवली. द्रव्य उत्तम होते; विधीत उणीव राहिली.

दुसरी रीत दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची. लातूर-उस्मानाबादसह बीड आणि इतर जिल्ह्यांत तडे गेलेल्या जवळपास दोन लाख घरांसाठी घरमालकाला हप्त्याहप्त्याने रक्कम आणि तांत्रिक सल्ला देण्यात आला. काम त्याने स्वतः करून घ्यायचे होते. गावोगावी स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने हे काम संघटित केले. पैसा तोच होता. पण येथे घेणारा हात पसरून उभा नव्हता, आपल्या घराचा कारभारी म्हणून उभा होता. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागातील या स्त्रिया आपला अनुभव घेऊन गुजरातेत गेल्या. ज्यांनी घेतले त्याच देणाऱ्या झाल्या. मदतीची रीत योग्य होती की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली खूण सापडणार नाही.

समाजाच्या बाजूनेही एक काम येथे नोंदले पाहिजे. शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोली येथील शैक्षणिक केंद्र त्यातूनच उभे राहिले. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी ज्ञानदानाचा हा प्रकार. ब्लँकेट वाटण्याचे काम आठवड्यात संपते. मूल मोठे होईपर्यंत सांभाळायचे तर वर्षानुवर्षे थांबावे लागते. तेथे प्रसिद्धीचा लोभ फार काळ टिकत नाही.

राजांना धान्य देणारा व्यापारी

राज्याराज्यांतील मदतीचे एक जुने उदाहरण व्यापारी वर्गाचेच आहे. कच्छमधील भद्रेश्वरचा श्रेष्ठी जगडूशाह तेराव्या शतकात होऊन गेला. विक्रम संवत १३१२ पासून पश्चिम भारतात सलग दुष्काळ पडला. सर्वानंदसूरींच्या जगडूचरित या काव्यात असे वर्णन आहे, की जगडूने केवळ गुजरातच्या वीसलदेव राजालाच नव्हे, तर सिंध, माळवा, दिल्ली, काशी येथील सत्ताधीशांनाही धान्य पुरविले. ही राज्ये परस्परांची मित्र नव्हती. काही तर एकमेकांचे वैरी होते. जगडूने धान्य देताना त्यांची भांडणे विचारात घेतली नाहीत. भूक कोणत्या राजाच्या हद्दीत आहे, हा प्रश्न त्याने पुसून टाकला.

त्याच्याविषयी अशीही परंपरा आहे, की मागण्याची लाज वाटणाऱ्या कुलीनांना तो लाडवांत नाणी घालून देई आणि पडद्याआडून हात तेवढा पाहून देणे चाले. घेणाऱ्याचे तोंड दिसले नाही, म्हणजे पुढे बाजारात भेटल्यावर त्याला ओशाळे व्हावे लागणार नाही. काव्यातील आकडे आणि कथेतील तपशील वगळले तरी त्यामागचा विवेक वगळता येत नाही. देणाऱ्याने घेणाऱ्याचा चेहराच लक्षात ठेवायचा नाही.

आजच्या राष्ट्रांना हे जमत नाही. २००१ च्या भूकंपानंतर पाकिस्तानातून तंबू आणि ब्लँकेटे घेऊन विमाने गुजरातेत आली, भारताने ती स्वीकारली. ऑक्टोबर २००५ मध्ये काश्मीरच्या भूकंपात भारताने पलीकडे मदत पाठविली. पण हेलिकॉप्टरे हवीत, भारतीय वैमानिक नकोत, असे पाकिस्तानने म्हटले आणि भारताने वैमानिकांवाचून हेलिकॉप्टरे द्यायला नकार दिला. डोंगरात अडकलेल्या जखमींना यातील मानापमान कळण्याचे कारण नव्हते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारताने परकीय सरकारांची मदत नाकारली आणि त्याच वेळी श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया येथे स्वतःची जहाजे पाठविली. २०१८ च्या केरळच्या पुरातही परकीय सरकारांकडून मदत न घेण्याचे धोरण कायम राहिले. आपण घेणारे नव्हे, देणारे आहोत, हे जगाला दाखविण्याची इच्छा त्यात होती. ती इच्छा स्वाभाविक आहे. पण तिला स्वाभिमान म्हणायचे की अभिमान, हा प्रश्न मार्दव धर्माची आराधना करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी विचारावा.

सफरचंदांचा प्रश्न

या सर्वाची कसोटी नुकतीच बाजारपेठेत लागली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात महाभयंकर भूकंप झाला. भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ या नावाने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पाठविली. भारतीय सैन्याने इस्केंदेरून येथे क्षेत्रीय रुग्णालय उभारून जखमींवर उपचार केले. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली. तेव्हा पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांची खरेदी थांबविली, उदयपूरच्या व्यापाऱ्यांनी तुर्की संगमरवर थांबविला. त्या दिवसांत एकच वाक्य सर्वत्र ऐकू येत होते. ‘भूकंपात आपण धावून गेलो, आणि त्यांनी हे पांग फेडले!’

राग समजण्यासारखा आहे. कोणाशी व्यापार करावा आणि कोणाशी करू नये, हा व्यापाऱ्याचा अधिकार आहे. देशहितासाठी तोटा सोसणाऱ्यांचा आदरच केला पाहिजे. परंतु त्या वाक्यात दोन खाती एकमेकांत मिसळली आहेत. सफरचंदांचा व्यवहार हे व्यापाराचे खाते. ते चालू ठेवणे किंवा बंद करणे, याला मे २०२५ ची कारणे पुरेशी आहेत. इस्केंदेरूनच्या तंबूत ज्या जखमीच्या पायाची शस्त्रक्रिया झाली, ते धर्मादा खाते. ते त्याच दिवशी मिटले. त्या जखमीने कोणत्या परराष्ट्र धोरणावर सही केली नव्हती. दोन वर्षांनी त्या उपचाराची पावती काढून दाखविली, तर आपणच ते दान उधारीच्या खात्यात वळते करतो. निदानाचे शल्य ठणकते ते असे. देताना नव्हे, अपेक्षाभंग झाल्यावर.

याच न्यायाने दुसरी बाजूही पाहावी. अमेरिकेने जहाजे रोखून धरली तेव्हा आपल्याला जे लागले, ते आपण दुसऱ्याला लावू नये.

विश्वस्ताचा धर्म

यावर एक आक्षेप येईल. राष्ट्र म्हणजे साधू नव्हे. सरकारने स्वतःच्या देशाचा लाभ पाहू नये असे कसे म्हणता येईल? आक्षेप योग्य आहे. सरकार हा दाता नाहीच. तो विश्वस्त आहे. मंदिराच्या किंवा पांजरपोळाच्या विश्वस्ताला संस्थेचा पैसा आपल्या लहरीने देता येत नाही. प्रत्येक रुपयाचा खुलासा करावा लागतो. तसाच अर्थमंत्र्यालाही मदतीचा देशाला काय उपयोग, हे सांगावे लागते. म्हणून राष्ट्रांच्या मदतीत हितसंबंधांचा अंश राहणारच. ते पाप नाही. मात्र ते झाकून त्यावर दानाचा शिक्का मारणे ही माया होय.

निःस्वार्थपणा शोधायचाच असेल तर तो सरकारच्या निवेदनात सापडणार नाही. खरा दाता आहे करदाता. गावातील दुकानदार, अडत्या, कापड व्यापारी, शेतकरी. त्याच्या पैशातून गेलेली मदत वेळेवर गेली का, उपयोगी होती का, घेणाऱ्याचा मान राखून दिली का, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे. त्या बदल्यात आपल्याला काय मिळाले, हे विचारण्याचा मोह मात्र त्याने आवरावा. तो आवरला तर त्याच्या वाट्याचे दान शुद्ध राहते, मग सरकारचे हिशेब कसेही असोत. राष्ट्राराष्ट्रांतील मदत निःस्वार्थ असते का, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने राजधान्यांतून निघून प्रत्येकाच्या उंबरठ्याशी येते.

किल्लारीच्या ढिगाऱ्यातून माणसे काढणाऱ्यांनी कोणाला जात, पंथ किंवा देश विचारला नाही. भाकरीचे गाठोडे बांधून देणाऱ्या मराठवाड्यातील घरांनी त्याची नोंद कोठे ठेवली नाही. दशलक्षण पर्वात क्षमेने आरंभ होतो आणि उत्तम त्यागाचा दिवस पुढे येतो; त्यागानंतर येते आकिंचन्य. माझे काही नाही, ही भावना. दिलेली वस्तू आपली होती हे विसरणे सोपे असते. ती आपण दिली होती, हे विसरायला मात्र आणखी एक दिवस लागतो, आणि पर्वाच्या रचनेत तो दिवस राखून ठेवलेला आहे.